सायलेन्सर पाच इंच आखूड करताना

आमच्या घराच्या बेड्याखाली, म्हणजे आवाराच्या फाटकाखाली, जांभ्याची एक पायरी आहे. ती आजोबांनी बसवली तेव्हा घरात सायकलसुद्धा नव्हती, त्यामुळे तिच्या उंचीचा विचार चाकांच्या दृष्टीने कुणी केला नाही. खळ्यातून, म्हणजे अंगणातून, मोटरसायकल बाहेर काढताना पुढचे चाक ही पायरी सहज उतरते. मागचे चाक खाली गेले, की त्याच्याही मागे आलेले सायलेन्सरचे टोक मात्र पायरीच्या कडेवर आपटते. दीड वर्ष मी हे रोज ऐकत होतो. मागच्या झाकणाला पोचा पडला, सायलेन्सर धरून ठेवणाऱ्या पट्टीचे रबर एका बाजूने फाटले, आणि एका सकाळी आईला मागे बसवून बाजाराला निघताना इतक्या जोरात दणका बसला, की ती उतरून चालतच रस्त्यापर्यंत गेली. पायरी फोडणे शक्य नव्हते, कारण पावसाळ्यात पाणंदीतून येणारा लोंढा खळ्यात शिरू नये यासाठीच ती आहे. फळी टाकून उतार करून पाहिला, पण आषाढात त्या फळीवर शेवाळ धरले आणि गाडी आडवी होता होता राहिली. तेव्हा आखूड करण्यासारखी गोष्ट एकच उरली होती.

हा सायलेन्सर गाडीचा मूळचा नव्हे, हेही आधी सांगितले पाहिजे. माझी गाडी 350 सीसीची, एका सिलिंडरची, कार्बोरेटरवर चालणारी जुनी गाडी आहे. तिच्या मूळ सायलेन्सरवर क्रोमचा मुलामा होता आणि आत साधे लोखंड होते. देवगडच्या किनाऱ्यावर असे लोखंड खाऱ्या वाऱ्याने बाहेरून गंजते, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते; खरे तर ते आधी आतून कुजते. एक लिटर पेट्रोल जळले, की त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. सायलेन्सर तापलेला असेल तर ते वाफ होऊन निघून जाते, पण घर ते बाजार अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापतच नाही, आणि ते पाणी ज्वलनातून आलेल्या आम्लासह त्याच्या सर्वांत खालच्या भागात साचून राहते. माझ्या मूळ सायलेन्सरच्या पोटाला तळाशी बोटभर भोक पडले तेव्हा वरचा क्रोम अजून आरशासारखा होता. त्या जागी मी स्टेनलेस स्टीलचा, बाजारात मिळणारा सायलेन्सर बसवला. तो टिकाऊ होता, वजनाला हलका होता, पण मूळच्यापेक्षा बराच लांब होता.

गावात सायलेन्सरला हात लावला असे म्हटले, की लोकांच्या मनात पहिल्यांदा येते ती पुंगळी. सायलेन्सरच्या तोंडातली आवाज दाबणारी ही नळी काढून, गणपतीत नाहीतर शिमग्यात रात्री गावभर फटाके फोडत हिंडणाऱ्या गाड्या सर्वांनी ऐकल्या आहेत, आणि त्यांच्याविषयीचा राग मला पूर्णपणे रास्त वाटतो. आमच्या गडग्यापलीकडे राहणाऱ्या काकींनी माझा बेत ऐकून एवढेच सांगितले, ‘कापतंस ता काप, पण आवाज वाढूक नको हां.’ त्यांची झोपायची खोली आमच्या खळ्यापासून पंधरा पावलांवर आहे. मी त्यांना शब्द दिला, आणि त्यानंतरचे सगळे काम त्या शब्दाभोवती फिरले. सायलेन्सर कापणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. कापल्यावर तो पूर्वीइतकाच शांत ठेवणे या कामाला मला तीन रविवार लागले.

त्याचे कारण समजण्यासाठी आत काय घडते ते पाहावे लागते. सायलेन्सर ढोबळमानाने दोन तऱ्हांचे असतात. कारखान्यातून गाडीबरोबर येणाऱ्या बहुतेक सायलेन्सरमध्ये पत्र्याच्या भिंतींनी वेगवेगळे कप्पे केलेले असतात आणि वायू एका नळीतून दुसऱ्या कप्प्यात, तिथून पुन्हा मागे, असा वळणे घेत बाहेर पडतो. आवाजाच्या लाटा त्या भिंतींवर आपटून परततात आणि पुष्कळशा एकमेकींना मारतात. असा सायलेन्सर कधीही कापू नये, कारण कप्प्यांची मापे बदलली की त्याचे सगळे गणित मोडते. दुसऱ्या तऱ्हेत मधोमध भोकाभोकांची एक सरळ नळी असते, तिच्याभोवती काचेच्या किंवा खनिजाच्या तंतूंचे पॅकिंग दाबून भरलेले असते आणि त्यावर बाहेरचे नळकांडे असते. वायू नळीतून सरळ जातो, पण आवाजाची लाट भोकांतून तंतूंमध्ये शिरते, तिथली हवा तंतूंना घासत मागेपुढे होते आणि त्या घर्षणात लाटेच्या ऊर्जेची उष्णता होते. कोणती तऱ्हा आपल्याकडे आहे ते ओळखणे सोपे आहे: गाडीवरून उतरवलेल्या सायलेन्सरच्या एका टोकाने बॅटरीचा प्रकाश टाकून दुसऱ्या टोकाने पाहावे. आरपार दिसले तर दुसरी तऱ्हा, भिंत दिसली तर पहिली. माझा आरपार दिसत होता.

या दुसऱ्या तऱ्हेत आवाज किती शोषला जाणार, हे पॅकिंगच्या लांबीवर जवळजवळ सरळ प्रमाणात अवलंबून असते. माझ्या सायलेन्सरच्या नळकांड्याची लांबी 530 मिलिमीटर होती आणि त्यात पॅकिंग भरलेला भाग 480 मिलिमीटरचा होता. त्यातून 125 मिलिमीटर, म्हणजे सुमारे पाच इंच, काढून टाकायचे म्हणजे शोषणाचा चौथा भाग काढून टाकायचा. शिवाय आवाज ज्यात मोजतात ते डेसिबलचे माप सरळ नसते. तीन डेसिबल वाढले तर ध्वनीची शक्ती दुप्पट झालेली असते. जे जाणार होते ते दुसऱ्या वाटेने भरून काढणे भाग होते.

कायद्याची बाजूही मी आधी वाचून घेतली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 120 प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे असे सांगतो, आणि मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 190(2) प्रमाणे आवाजाचे मानक मोडणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवल्यास पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने परवाना धारण करण्यास अपात्रता, अशी तरतूद 2019 च्या दुरुस्तीपासून आहे. 175 सीसीवरील दुचाकीसाठी निर्मितीच्या टप्प्यावर 80 डेसिबलची मर्यादा आहे. ती चालत्या गाडीपासून साडेसात मीटर अंतरावर मोजतात. हे माप घरी घेण्याची सोय नाही. म्हणून मी स्वतःपुरता नियम केला, की काम संपल्यावरचा आकडा काम सुरू करण्यापूर्वीच्या आकड्यापेक्षा कमीच आला पाहिजे, आणि तो आला नाही तर कापलेला सायलेन्सर गाडीवर चढणार नाही. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 या प्रदूषण मानकाच्या गाड्यांत एक्झॉस्टच्या मार्गातच धूर साफ करणारा उत्प्रेरक आणि ऑक्सिजनचा सेन्सर असतो. ज्यांची गाडी तशी आहे त्यांनी हा लेख वाचून हातात ग्राइंडर घेऊ नये, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आकडा मोजण्यासाठी मोबाइलवरचे डेसिबलचे ॲप वापरले. अशा ॲपचा आकडा स्वतः विश्वसनीय नसतो, पण तोच मोबाइल, तेच अंतर, तीच जागा ठेवली तर दोन मापांतला फरक उपयोगी पडतो. सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर दूर, तोंडाच्या रेषेशी 45 अंशांत, तोंडाच्याच उंचीवर मोबाइल ठेवला; त्यासाठी जांभ्याच्या दोन चिऱ्यांवर खुणा करून ठेवल्या. गाडी दहा मिनिटे तापवून, कार्बोरेटरचा स्क्रू ठराविक फेरे आत घेऊन इंजिनचा वेग एकसारखा ठेवला. आकडा आला 90.

किती कापायचे, हे नुसते डोळ्यांनी ठरवता येत नाही. गाडी रिकामी उभी असताना मागचे शॉकअप सैल असतात आणि सायलेन्सर उंच दिसतो. खरे माप ओझ्याखाली घ्यावे लागते. मी मागच्या सीटवर 50 किलो तांदळाचे पोते बांधले, स्वतः पुढे बसलो, आणि धाकट्या भावाने गाडी धरून मागचे चाक हळूहळू पायरीवरून खाली येऊ दिले. पायरीची कड जिथे पोटाला पहिल्यांदा टेकली तिथे त्याने खडूने रेघ मारली. त्या रेघेच्या मागचा सगळा भाग अडचणीचा होता. तो भाग 105 मिलिमीटर भरला. खड्ड्यात शॉकअप आणखी दबतात हे लक्षात घेऊन मी 20 मिलिमीटर वाढवले. मात्र इथे उलट बाजूची मर्यादाही पाहिली. नवे तोंड मागच्या आसाच्या पुढे येता कामा नये, कारण मग गरम वायू टायरवर किंवा मागे बसणाऱ्याच्या पायावर येतो, आणि आई नऊवारी नेसून एका बाजूला बसते, तेव्हा पदर कुठवर येतो हे मी तिला बसवूनच पाहिले. 125 मिलिमीटर कापूनही तोंड आसाच्या बरेच मागे राहत होते.

सायलेन्सर उतरवताना घाई करू नये. खाऱ्या हवेत क्लॅम्पचे नट धाग्यांत चिकटून बसतात. मी आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल सोडून ठेवले आणि सकाळी आधी अर्धा फेरा घट्ट, मग सैल, असे करत सोडवले. सिलिंडर हेडमधून निघणाऱ्या बेंड पाइपला मी हातही लावला नाही. तिथला स्टड तुटला तर घरचे काम संपते आणि वर्कशॉपचे सुरू होते.

मागचे झाकण आठ रिव्हेटनी बसवलेले होते, आणि या आठ रिव्हेटनीच मला सर्वांत जास्त शिकवले. स्टेनलेस ड्रिल करताना साध्या लोखंडाची सवय उपयोगी पडत नाही. ड्रिल वेगात फिरवले आणि हलके दाबले, तर बिट कापण्याऐवजी घासत राहतो, आणि 304 प्रतीचे स्टेनलेस घासले गेले की त्या जागी अधिकच कठीण होते. पहिल्याच रिव्हेटवर माझे दोन बिट बोथट झाले. मग कोबाल्टचा बिट आणला, वेग अगदी कमी केला, थेंब थेंब तेल सोडत एकसारखा जोर दिला, आणि बारीक कुरळी चीप निघू लागली; उरलेले सात रिव्हेट वीस मिनिटांत निघाले. नळकांडे 304 चे आहे की 409 चे, हे लोहचुंबकाने समजते. 304 ला चुंबक चिकटत नाही. 409 प्रतीच्या, स्वस्त सायलेन्सरमध्ये वापरल्या जाणाऱ्या स्टेनलेसला चिकटतो, आणि ते स्टेनलेस आमच्याकडच्या हवेत एका पावसाळ्यात तपकिरी पडते.

झाकण निघाल्यावर आतले पॅकिंग दिसले, आणि ते पाहून मला धक्का बसला. नळीच्या बाजूचा थर काळा पडून कातडीसारखा कडक झाला होता, मागच्या चौथ्या भागात पॅकिंग उरलेच नव्हते, ते कणाकणाने उडून गेले होते. म्हणजे मी जो भाग कापणार होतो तो आधीच रिकामा होता आणि गाडी गेले कित्येक महिने वाढलेल्या आवाजाने चालत होती. रोज थोडा थोडा वाढलेला आवाज कानाला कळत नाही. हे तंतू बाहेर काढताना त्यांवर पाणी शिंपडून घ्यावे, नाकाला चांगला मास्क, डोळ्यांना चष्मा, हातांत मोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा असावा. काचेचे तंतू कातडीत शिरले, की दोन दिवस खाज जात नाही. ते जाळूही नयेत आणि माडाच्या आळ्यातही टाकू नयेत. मी पोत्यात घट्ट बांधून सुक्या कचऱ्यात दिले.

कापण्यापूर्वी रेघ काटकोनात असली पाहिजे, कारण झाकण तिरके बसले तर कधीच घट्ट बसत नाही. यासाठी जाड कागदाची सरळ कडेची पट्टी नळकांड्याभोवती गुंडाळावी आणि पट्टीची कड स्वतःवर तंतोतंत येईपर्यंत सरकवावी. कड जुळली, की ती रेघ आपोआप अक्षाला काटकोनात येते. जुन्या कॅलेंडरचे जाड पान मला पुरले. रेघेवर चिकटपट्टी लावली, म्हणजे ग्राइंडर घसरला तरी पत्र्यावर चरा पडत नाही.

त्या दिवसांत भातकापणी होऊन गेली होती, खळे नुकतेच सारवलेले होते आणि कोपऱ्यात पेंढ्याची उडवी होती. ग्राइंडरच्या ठिणग्या सहा-सात हात सहज जातात. सारे सामान मी बेड्याबाहेर जांभ्याच्या कट्ट्यावर नेले, खाली ओले गोणपाट टाकले, पाण्याच्या दोन बादल्या जवळ ठेवल्या आणि मोटरसायकल पडवीपलीकडे उभी केली. चार इंची ग्राइंडरला स्टेनलेससाठी असलेली एक मिलिमीटरची पातळ डिस्क लावली. साध्या लोखंडावर आधी वापरलेली डिस्क स्टेनलेसवर चालवू नये, कारण तिच्यातले लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि किनाऱ्यावर आठवडाभरात त्या कणांभोवती गंजाचे ठिपके उठतात. लोक मग स्टीलला दोष देतात. ग्राइंडरचे संरक्षक कवच काढून काम करण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. मी ते काढले नाही आणि कुणीही काढू नये. अकरा-बारा हजार फेऱ्यांनी फिरणारी पातळ डिस्क तुटली, तर तिचा तुकडा कोणत्या दिशेला जाईल हे सांगता येत नाही.

एकाच जागी खोल कापत न जाता, सगळ्या रेघेवर आधी हलकी खाच पाडून मग फेरीफेरीने खोल जावे. पत्रा कमी तापतो आणि रेघही सरळ राहते. स्टेनलेस खूप तापून निळेकाळे झाले, तर त्या जागचे गंजरोधक गुण कमी होतात, आणि खाऱ्या हवेत ती जागा आधी उघडी पडते. कापून झाल्यावर कडेवरची कूस, म्हणजे कापताना उठलेले धारदार काटे, गोल आणि अर्धगोल कानशीने आतून-बाहेरून पूर्ण काढली.

मधली भोकाभोकांची नळी कापताना एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. नळकांड्यातून 125 मिलिमीटर काढले, म्हणून नळीतूनही तेवढेच काढून ती झाकणाच्या तळाला टेकवून बसवली, तर ते चुकते. गाडी चालताना नळी बाहेरच्या नळकांड्यापेक्षा पुष्कळ अधिक तापते. 304 स्टील दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.017 मिलिमीटर प्रसरण पावते. 400 मिलिमीटरची नळी 400 अंशांनी तापली, तर ती जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर लांब होते. तिला सरकायला जागा नसेल, तर ती वाकते किंवा झाकणाचे रिव्हेट उपसते. म्हणून नळीचे पुढचे टोक पक्के असते आणि मागचे टोक झाकणाच्या कंठात नुसते सरकवलेले असते. मी चार मिलिमीटरची फट ठेवली. कुणी हौसेने दोन्ही टोके वेल्डिंग करून घेतात, ते करू नये.

आता पॅकिंग. नळकांड्याचा आतला व्यास 100 मिलिमीटर, नळीचा बाहेरचा व्यास 50 मिलिमीटर आणि भरण्याची लांबी 355 मिलिमीटर, म्हणजे आतली जागा दोन लिटरांहून थोडी अधिक होते. लिटरला सुमारे 120 ग्रॅम धरून मी अडीचशे ग्रॅम लांब तंतूंचे, उष्णता सहन करणारे ग्लासवूल घेतले आणि स्वयंपाकघरातल्या तराजूवर मोजले. आईने तो तराजू आधी कागदात गुंडाळून दिला आणि नंतर दोनदा धुवून घेतला. ढिले भरले तर गाडीच्या थरथरीने तंतू घासून तुटतात आणि भोकांतून उडून जातात. ठासून भरले तर तंतूंमध्ये हवाच उरत नाही, आणि आवाज शोषणारी ती हवाच असते. नळीवर आधी स्टेनलेसच्या जाड लोकरीचा एक थर गुंडाळला, म्हणजे गरम वायूचा झोत सरळ काचेच्या तंतूंवर येत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी साधी लोखंडी लोकर इथे चालत नाही, ती गंजून आणि जळून महिन्याभरात भुगा होते. आमच्या आळीतल्या एका भाऊंनी काथ्या भरण्याचा सल्ला आपुलकीने दिला होता. काथ्या आमच्याकडे बागेत फुकट मिळतो खरा, पण तो तिथे पेट घेईल. ग्लासवूलची चटई नळीभोवती समान जाडीत गुंडाळून, वरून कागदी चिकटपट्टीने जागोजाग बांधून, ती गुंडाळी फिरवत फिरवत नळकांड्यात सरकवली. चिकटपट्टी पहिल्याच फेरीत जळून जाते आणि पॅकिंग फुगून जागा भरते.

झाकण बसवून नव्या कडेवर भोके पाडली. यासाठी झाकणातली जुनी भोके साच्यासारखी वापरता येतात: एक भोक पाडावे, त्यात रिव्हेट सैल ठेवावा, मग समोरचे पाडावे, मग काटकोनातली दोन, अशा क्रमाने. सलग शेजारी शेजारी पाडत गेले, की शेवटचे भोक जुळत नाही. रिव्हेट मी 4.8 मिलिमीटरचे, पूर्ण स्टेनलेसचे वापरले. ॲल्युमिनियमचे स्वस्त असतात, पण स्टेनलेसला लागलेले ॲल्युमिनियम मिठाच्या ओलाव्यात फार लवकर खाल्ले जाते.

गाडीवर कायमचा चढवण्यापूर्वी एक चाचणी म्हणून, नव्या पॅकिंगने काय साधले हे समजावे यासाठी, मी हे दोन टप्प्यांत मोजले. कापलेला सायलेन्सर आधी जुनेच उरलेले पॅकिंग ठेवून तात्पुरता जोडला होता. तेव्हा आकडा 95 आला आणि आवाजात जी कर्कशता आली ती ऐकून मी इंजिन लगेच बंद केले. नव्या पॅकिंगने तो 91 वर आला. जाड, खालचा ठोका तसाच राहिला होता आणि वरची कर्कशता गेली होती, हे तत्त्वाला धरूनच होते. एका सिलिंडरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेते तेव्हा सेकंदाला 25 ठोके देते. इतक्या खालच्या कंपनाला बोटभर जाडीचे पॅकिंग फारसे रोखत नाही, ते मुख्यतः वरच्या पट्टीतला आवाज खाते.

पण 91 म्हणजे 90 पेक्षा एक जास्त होता, आणि मी शब्द दिलेला होता. म्हणून झाकणाच्या तोंडात एक आतली नळी घातली, म्हणजे लोक जी पुंगळी काढून टाकतात तीच मी घातली. तोंडाचा व्यास 50 मिलिमीटर होता. आत 35 मिलिमीटर व्यासाची, 90 मिलिमीटर लांब, भोके असलेली स्टेनलेसची नळी बसवली. क्षेत्रफळ निम्म्याच्याही थोडे खाली जाते, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या लाटेचा मोठा भाग आत परततो आणि पॅकिंगमधून दुसऱ्यांदा जातो. इंजिन गुदमरेल अशी भीती मला होती, पण माझ्या बेंड पाइपचाच आतला व्यास 35 च्या आसपास आहे, तेव्हा त्या नळीतून जे जाते ते या नळीतूनही जाते. या नळीला गोल चकती जोडण्याचे काम मात्र मी घरी केले नाही. साध्या आर्क वेल्डिंगच्या लोखंडी कांडीने स्टेनलेस जोडले, तर तो जोड आधी गंजतो. जिन्याची स्टीलची रेलिंग करणाऱ्या जामसंड्यातल्या एका कारागिराने आर्गन वायूच्या वेल्डिंगवर, स्टेनलेसचीच तार वापरून, तो जोड दहा मिनिटांत केला. त्याच्या हातातली सफाई पाहत मी तिथेच उभा राहिलो. अशा बारीक पत्र्यावर एकसारखा टाका घालणे ही कला आहे, आणि तिचे त्याने मागितलेले पैसे मला फारच कमी वाटले. झाकणाला एका स्टेनलेस बोल्टने ही नळी पक्की केली.

सर्वांत खालच्या बिंदूला तीन मिलिमीटरचे भोक ठेवण्यास विसरू नये. कापल्यानंतर हा बिंदू बदलतो, कारण जुने भोक बहुधा कापलेल्या तुकड्यात निघून गेलेले असते. माझे गेलेच होते. गाडी बाजूच्या स्टँडवर उभी असताना कुठला भाग सर्वांत खाली येतो ते पाहून मी नवे भोक पाडले. आता सकाळी गाडी सुरू केल्यावर त्यातून पाच-दहा थेंब पाणी पडते, आणि मूळ सायलेन्सर ज्या पाण्याने कुजला ते हेच पाणी आहे हे रोज दिसते.

बेंड पाइप आणि सायलेन्सर यांच्या जोडावर नवा गॅस्केट आणि उष्णता सहन करणारी पेस्ट लावली. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये जे फटाके वाजतात, त्यांचे नेहमीचे कारण इथेच असते: सैल जोडातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेले पेट्रोल गरम नळीत पेटते. हा जोड बंद असेल, तर कार्बोरेटरला हात लावण्याची गरज बहुधा पडत नाही. मला पडली नाही. तारामुंबरी-मिठमुंबरी पुलावरून कुणकेश्वरपर्यंत आणि परत अशी फेरी मारली, चढावर जोर पूर्वीसारखाच लागला, आणि प्लगचा रंग फिकट तपकिरी होता, म्हणजे पेट्रोल नीट जळत होते.

घरी आल्यावर त्याच दोन चिऱ्यांवर मोबाइल ठेवून शेवटचे माप घेतले. 87 आले. तीनदा मोजले, तीनदा तेच. संध्याकाळी काकींना विचारले, तर गाडी केव्हा आली ते त्यांना कळलेच नव्हते.

शंभर किलोमीटर झाल्यावर क्लॅम्प आणि आठही रिव्हेट पुन्हा तपासले. क्लॅम्प पाव फेरा घट्ट झाला, रिव्हेट जसेच्या तसे होते. पायरीवरून उतरताना सायलेन्सरच्या टोकाखाली आता दोन बोटे जागा राहते, आई मागे बसलेली असतानाही. पॅकिंग मी पावसाळ्यानंतर पुन्हा उघडून पाहणार आहे, आणि तोपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच चिऱ्यांवर मोबाइल ठेवून आकडा वहीत लिहीत आहे.